चिकट पदार्थ आणि बरबट : काही इंग्रजी शब्दांच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गाच्या अनुवादाच्या सरावासाठी आम्ही दोघांनी मागे एक इंग्रजी उतारा स्वतःच बेतला होता. प्रसंग साधा होता. एकटी राहणारी एक आजी, तिच्याकडे सुट्टीला आलेला नातू, आणि स्वयंपाकघरातली तुंबलेली मोरी. दुरुस्तीला आलेला माणूस खालची नळी सोडवतो आणि तिच्यातून जे बाहेर पडते त्याला 'गंक' म्हणतो. त्याच्या हातांना जे लागते ते 'स्लाइम'. आजीने नातवापुढे वाढलेली गार लापशी त्या माणसाच्या दृष्टीने 'ग्लॉप'. आणि नातू त्याच लापशीत बोट बुडवून आनंदाने म्हणतो, 'गू!' हे चारही शब्द आम्ही मुद्दाम पेरले होते. दाट, चिकट, ओंगळ वस्तूंसाठी इंग्रजी बोलभाषेत अशा शब्दांचा मोठा गोतावळा आहे, आणि त्यांतला फरक विद्यार्थ्यांच्या कानाला कितपत जाणवतो हे आम्हाला पाहायचे होते.

उतारा मोठ्याने वाचला तेव्हा शेवटच्या शब्दाला वर्ग हसला. इंग्रजी पोराच्या तोंडचा तो निरागस शब्द मराठी कानाला सरळ विष्ठेचा वाटतो. आपला शब्द संस्कृत 'गूथ'वरून आला आहे आणि इंग्रजी शब्दाशी त्याचे काही नाते नाही, हे आम्ही सांगितले. हसू ओसरल्यावर मुलांनी लिहायला घेतले.

उत्तरे पाहिली तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने चारही ठिकाणी 'चिकट पदार्थ' असे लिहिले होते. काहींनी 'घाण चिकट पदार्थ', काहींनी 'चिकट द्रव पदार्थ' असा बदल केला होता. अपवाद एका विद्यार्थिनीचा. तिच्या नळीतून 'बरबट' निघाले होते, माणसाचे हात 'बुळबुळीत' झाले होते, लापशीचे 'फदफदे' झाले होते आणि नातू 'ईऽ, गिळगिळीत!' म्हणून खिदळला होता. आम्ही तिच्या 'बरबट' आणि 'फदफदे' या शब्दांखाली लाल रेघ ओढली, समासात 'ग्राम्य. प्रमाण शब्द वापरावा' असे लिहिले आणि गुण कापले.

ती विचारायला आली. "मॅडम, मोरीच्या नळीतून 'पदार्थ' कसा निघेल? पदार्थ म्हटलं की ताटात वाढल्यासारखं वाटतं." आम्ही प्रमाण भाषेविषयी काहीतरी बोललो आणि तिला परत पाठवले. सत्राच्या शेवटच्या चाचणीत अशाच एका उताऱ्यात तिने 'चिकट द्रव' असे लिहिले. आम्ही पूर्ण गुण दिले. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधताना आमच्यापैकी एकाच्या लक्षात आले की ही मुलगी आमच्याकडून एक गोष्ट शिकली आहे, आणि ती गोष्ट चुकीची आहे.

प्रस्तुत लेख त्या चुकीविषयी आहे. इंग्रजीतल्या या शब्दांना कोश दोन शिक्के मारतात. एक, हे शब्द 'अनौपचारिक' आहेत. दोन, ते 'ध्वन्यनुकारी' आहेत, म्हणजे वस्तूच्या आवाजाची नक्कल करतात. हे दोन्ही शिक्के पाहून आपण समजतो की हा भाषेचा बालवाडीतला भाग आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही आणि अनुवादात त्याच्या जागी कोणताही सभ्य शब्द चालेल. आमचे म्हणणे असे की दुसरा शिक्का अर्धाच खरा आहे, आणि पहिल्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो.

आधी दुसऱ्याकडे पाहू. आवाजाची नक्कल म्हणायची तर आवाज हवा. 'ग्लॉप'पाशी तो आहे. मागच्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत अमेरिकेत रूढ झालेला हा शब्द, बेचव दाट अन्न डावातून ताटलीत पडताना जो आवाज होतो त्यावरून आला असे मानतात. येथवर ठीक. पण 'गू' आवाज कोठे करतो? चिकट वस्तूचे वैशिष्ट्य तर असे की ती बहुधा मुकाट असते. 'गू' विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी इंग्रजीत दिसू लागतो. 'बर्गू' या खलाशांच्या दाट लापशीच्या नावाचे ते शेपूट असावे, असा व्युत्पत्तिकारांचा एक तर्क आहे. आणि 'बर्गू' हा शब्द भरडलेल्या गव्हाच्या अरबी 'बुर्घुल' या नावावरून आला असावा. हा तर्क खरा असेल तर ज्याला आपण ध्वनीची नक्कल म्हणतो त्याच्या मुळाशी एक धान्य आहे आणि जहाजावरचे स्वयंपाकघर आहे.

'गंक'ची कथा याहून बोलकी आहे. १९३२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका दाट, द्रवरूप साबणाला हे व्यापारी नाव देण्यात आले. यंत्रांवरचे तेलकट किटण काढण्यासाठी तो साबण होता. पुढच्या दोन दशकांत लोकांनी ते नाव उचलले आणि ज्या मळासाठी साबण वापरायचा त्या मळालाच ते देऊन टाकले. औषधाचे नाव रोगाला लागावे तसे हे झाले. आज कोणत्याही इंग्रजी भाषकाला 'गंक' ऐकताच नळीतला मळ डोळ्यांसमोर येतो आणि शब्दाचा आवाजच तसा आहे असे तो शपथेवर सांगेल. पण तोच आवाज एके काळी स्वच्छतेची जाहिरात करीत होता.

'स्लाइम' आणि 'ऊझ' हे तर जुन्या इंग्रजीपासून चालत आलेले शब्द. 'स्लाइम'चे नाते चिखल या अर्थाच्या लॅटिन 'लीमुस'शी लावले जाते. 'ऊझ'मध्ये रस आणि चिखल या अर्थांचे दोन जुने शब्द मिसळून गेले आहेत. हे शब्द कोणी आवाज ऐकून बनवलेले नाहीत. ते वारशाने आलेले आहेत. तरीही 'ऊझ' उच्चारताना ओठांतून काहीतरी हळूहळू झिरपते आहे असे वाटते. हे वाटणे कोठून येते, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस नेमका याच वस्तूंपाशी थांबतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की 'ल' उच्चारताना जीभ घसरते आणि 'ग' त्या घसरण्याला अडवतो. म्हणून चिकट, गोड आणि डिंकासारखे या अर्थांच्या ग्रीक शब्दांच्या आरंभी 'ग्ल' आला. कल्पना इतकी मोहक आहे की आजही वर्गात सांगितली तर मुले लगेच 'ग्लू', 'ग्लॉप', 'ग्लूप' उच्चारून पाहू लागतात आणि मान डोलावतात.

पण मग 'ग्लिटर', 'ग्लीम', 'ग्लो' यांचे काय करायचे? त्यांच्याही आरंभी तोच 'ग्ल' आहे, आणि तेथे जीभ अडखळत नाही, प्रकाश चमकतो. दुसरे उदाहरण आणखी मजेशीर आहे. लॅटिन आणि फ्रेंच वाटेने इंग्रजीत आलेला 'ग्लू' आणि माती या अर्थाचा अस्सल इंग्रजी 'क्ले' हे एकाच मुळाचे मानले जातात. ग्रिमच्या नियमाप्रमाणे जर्मानिक भाषांत मूळ 'ग'चा 'क' झाला, म्हणून 'क्ले'. चिकणमाती डिंकाहून काही कमी चिकट नसते. पण 'क्ले' ऐकून कोणालाही हात धुवावासा वाटत नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये चेटकिणींच्या कढईतल्या रटरटत्या मिश्रणासाठी 'स्लॅब' हे विशेषण आले आहे. त्याचा अर्थ दाट, चिकट असा होता. तो शब्द इंग्रजीत मागे पडला. आज 'स्लॅब' म्हटले की, तो मुळात दुसराच शब्द असला तरी, इंग्रजाला फरशी आठवते आणि आपल्याला घराचे छत. ध्वनी तोच राहिला, चिकटपणा मात्र निघून गेला.

यावरून सोस्यूरचा पक्ष जिंकला असे कोणी म्हणेल. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत त्याने ध्वन्यनुकारी शब्दांना भाषेच्या कडेला बसवले होते, आणि आवाजाचे चित्र वाटणारे काही फ्रेंच शब्द प्रत्यक्षात साध्या लॅटिन शब्दांचे झिजलेले रूप आहेत हे दाखवले होते. चिन्ह यादृच्छिक असते हे आम्हीही वर्गात शिकवतो. तरीही त्याने पूर्ण समाधान होत नाही. कारण यादृच्छिक असूनही 'गूप', 'गंज', 'गंक', 'गू' हे सारे एकाच कोपऱ्यात का गोळा झाले? (यातला 'गंज' हा ब्रिटिश शब्द आहे, आणि लोखंडावरच्या आपल्या गंजाशी त्याचा संबंध नाही.)

येथे जे. आर. फर्थ उपयोगी पडतात. हे भाषाशास्त्रज्ञ १९२८पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९३०च्या 'स्पीच' या पुस्तकात त्यांनी 'फोनेस्थीम' ही संज्ञा मांडली. 'स्लाइम', 'स्लश', 'स्लज', 'स्लॉबर' अशा शब्दांत आरंभीचा 'स्ल' पुन्हा पुन्हा येतो. त्याला स्वतःचा अर्थ नसतो, पण सवयीने तो एक छटा धारण करतो. आमच्या मते ही गोष्ट कुटुंबातल्या चेहरेपट्टीसारखी आहे. नाकावर काही लिहिलेले नसते, पण चार भावंडे पाहिल्यावर पाचवे ओळखू येते. एकदा असे कुटुंब जमले की 'गंक'सारखे साबणाचे नावही त्याच्या आश्रयाला येते आणि घरचेच होऊन जाते. 'क्ले' आणि 'स्लॅब' घराबाहेर पडले की परके वाटू लागतात. म्हणजे ध्वनी वस्तूची नक्कल करतो त्याहून अधिक हे शब्द एकमेकांची नक्कल करतात.

गोल आणि टोकदार आकृत्यांना निरर्थक नावे द्यायला सांगण्याचे प्रयोग वाचकांना ठाऊक असतील. कोहलर यांनी १९२९ साली आणि रामचंद्रन व हबर्ड यांनी २००१ साली दाखवले, की बहुसंख्य लोक गोल आकृतीला 'बूबा'सारखे आणि टोकदार आकृतीला 'किकी'सारखे नाव देतात. ध्वनी आणि रूप यांत काही नैसर्गिक ओढ आहे हे त्यावरून मान्य करावे लागते. पण ओढ म्हणजे कोश नव्हे. 'गू' ऐकून आमचा वर्ग हसला तो गोल आकार आठवून नव्हे. त्याच ध्वनीला मराठी घरात दुसरेच बिऱ्हाड होते म्हणून.

आता पहिला शिक्का, 'अनौपचारिक'. गंमत अशी की या गोतावळ्यातल्या सगळ्यांवर तो नाही. 'स्लज', 'ऊझ' आणि 'स्लाइम' सभ्य मानले जातात. 'गू', 'गंक', 'ग्लॉप' यांना मात्र दाराशी थांबवले जाते. आवाजाच्या दृष्टीने 'स्लज' काही 'ग्लॉप'हून कमी ओंगळ नाही. मग फरक कशाचा? फरक नोकरीचा आहे. समुद्रशास्त्रात 'ऊझ' ही पारिभाषिक संज्ञा आहे: तळावरच्या ज्या गाळात सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांचा भाग निदान तीस टक्के असतो त्याला ती लावतात. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची जगभर चालणारी एक पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली गेली, आणि तिच्या नावातच 'स्लज' आहे. विज्ञानाने हाताला धरले की शब्दाचे पाय धुतले जातात.

विज्ञानाला हे शब्द मोहातही पाडतात. टी. एच. हक्सली यांना समुद्रतळाच्या जुन्या नमुन्यांत एक बुळबुळीत द्रव्य आढळले. १८६८ साली त्यांनी ते सजीव आहे असे मानून त्याला 'बॅथिबियस' हे नाव दिले. आद्य जीवसृष्टीचा 'स्लाइम'च हाती लागला असे अनेकांना वाटले. पुढे 'चॅलेंजर' जहाजावरच्या मोहिमेत ध्यानात आले की नमुना टिकवण्यासाठी घातलेल्या अल्कोहोलमुळे समुद्राच्या पाण्यातून खाली बसणारा तो कॅल्शियम सल्फेटचा साका आहे, आणि १८७५ साली हक्सलींनी चूक मान्य केली. एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६च्या 'एंजिन्स ऑफ क्रिएशन'मध्ये स्वतःच्या प्रती काढत सुटणाऱ्या अतिसूक्ष्म यंत्रांचा धोका सांगताना 'ग्रे गू' हा शब्दप्रयोग केला. बाकीचे पुस्तक बाजूला राहिले आणि लोकांच्या मनात तो राखाडी चिकटा तेवढा राहिला. पुढे ड्रेक्सलर यांनीच तो शब्द वापरल्याबद्दल खेद व्यक्त केला. बालिश समजला जाणारा शब्द इतके काम करतो, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

उलट दिशेचा प्रवासही आहे. डॉ. स्यूस यांच्या १९४९च्या बालपुस्तकात आकाशातून हिरवा चिकट वर्षाव होतो आणि त्याचे नाव 'ऊब्लेक'. आज शाळेच्या प्रयोगशाळेत मक्याचे पीठ आणि पाणी कालवून जे विलक्षण मिश्रण करतात, हळू हात घातला तर द्रव आणि ठोसा मारला तर घट्ट, त्याला हेच नाव आहे. गेलेट बर्जेस यांच्या १९००च्या पुस्तकातले 'गूप' म्हणजे बोटे चाटणारी, जेवताना सांडणारी असभ्य मुले. त्या शब्दाला चिकट वस्तूचा अर्थ नंतर मिळाला. पुस्तकाच्या वेष्टनावरील भलावणीसाठी 'ब्लर्ब' हा शब्द याच गृहस्थांनी १९०७ साली दिला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जाता जाता लक्षात ठेवावे.

मोठ्या साहित्याने या शब्दांचे सामर्थ्य फार पूर्वी ओळखले होते. रॉबर्ट ब्राउनिंग यांनी १८६४च्या एका दीर्घ एकभाषितात मृतात्म्यांशी बोलण्याचे सोंग करणाऱ्या लबाड माध्यमाला 'मिस्टर स्लज' हे नाव दिले. नाव उच्चारताच निकाल लागतो. रोआल्ड डाल यांच्या १९६४च्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'मधला चॉकलेटच्या नदीत पडणारा खादाड मुलगा 'ग्लूप' आडनावाचा आहे. शेमस हीनी यांच्या १९६६च्या पहिल्या संग्रहातल्या शीर्षककवितेत बेडकांच्या अंड्यांच्या लगद्याला 'स्लॉबर' म्हटले आहे. तो शब्द म्हणणाऱ्या मुलाला लगद्याचा आधी लळा असतो, नंतर त्याचीच भीती वाटते. तेथे जीवशास्त्रातला नेमका शब्द घातला असता तर मूलच कवितेतून निघून गेले असते.

हे शब्द वस्तूविषयी फारच थोडे सांगतात. 'गंक' कशाचा बनला आहे हे कोणाला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते. तो शब्द उच्चारणारा माणूस म्हणत असतो की हे काय आहे ते मला पाहायचे नाही, माझ्या हातावरून दूर करा. सार्त्र यांनी १९४३च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात चिकटपणावर पाने खर्च केली आहेत. घन आणि द्रव यांच्या मधली ही अवस्था आपल्या हातात येते असे वाटते आणि तीच आपल्याला धरून ठेवते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मेरी डग्लस यांनी १९६६ साली अशुद्धतेचा विचार करताना हाच धागा उचलला: जे कोणत्याच खणात बसत नाही त्याची किळस येते. जुलिया क्रिस्तेवा यांनी १९८० साली किळसेचे उदाहरण म्हणून दुधावरचा पापुद्रा निवडला. तो वाचताना आम्हाला थोडे हसू आले. आपल्याकडे त्याला साय म्हणतात, ती वाटीत वेगळी काढून ठेवतात आणि लाडक्या मुलाला साखर घालून देतात. म्हणजे किळस वस्तूत नसते; ती बोलणाऱ्यात, त्याच्या घरात आणि त्याच्या भाषेत असते. 'अनौपचारिक' या शिक्क्याचा अर्थ शब्द हलका आहे असा नाही. बोलणारा वस्तूच्या किती जवळ उभा आहे, याची ती खूण आहे.

आता अनुवादाकडे, म्हणजे आमच्या लाल रेघेकडे येऊ. मराठीला अशा शब्दांची वाण नाही, हे सांगायला नको. एमेन्यू यांनी १९६९ साली दाखवून दिले की अनुकरणवाचक शब्दांची समृद्धी हे भारतीय भाषांचे, मग त्या आर्य कुळातल्या असोत वा द्राविड, समान लक्षण आहे. मोल्सवर्थच्या कोशात, १८३१च्या आवृत्तीनंतर १८५७च्या वाढीव आवृत्तीतही, अनुकरणाची खूण असलेल्या नोंदी पदोपदी भेटतात. ज्याला इंग्रजीने अंगणात बसवले ते आपल्याकडे माजघरात आहे. 'गिळगिळीत' किंवा 'बुळबुळीत' म्हणताना आपण पोरकट बोलतो आहोत असे कोणाला वाटत नाही. भेंडीच्या भाजीपासून शेवाळलेल्या घाटापर्यंत ते सहज वापरले जातात.

येथेच एक अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. इंग्रजीतले हे शब्द मुख्यतः नामे आहेत. आधी 'गू', मग त्यावरून 'गूई'. आधी 'गंक', मग 'गंकी'. इंग्रजी बोलभाषा अनोळखी वस्तूला झटकन नाव देऊन मोकळी होते. मराठी बहुधा स्पर्शाकडून सुरुवात करते: बुळबुळीत, लिबलिबीत, पचपचीत, चिकचिकीत. वस्तूचे नाव ठाऊक नसले तर आपण 'काहीतरी गिळगिळीत' म्हणतो. क्रियापदे तर आहेतच: हात बरबटतात, तोंड लडबडते, पिठले रटरटते. म्हणून 'गंक'ला एक कायमचा मराठी प्रतिशब्द शोधत बसणे व्यर्थ आहे. कधी नामाचे विशेषण करावे लागेल, कधी क्रियापद, आणि कधी 'बरबट' किंवा 'राड' यांसारखे तयार नाम हाताशी येईल.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. आपल्या शब्दांत सगळीकडे किळस नाही. अळूचे फदफदे लग्नाच्या पंगतीत आवडीने वाढले जाते. गुरगुट्या भात आजाऱ्याला आणि तान्ह्या मुलाला मायेने भरवतात. इंग्रजी 'ग्लॉप'मधला तिरस्कार 'फदफदे' या शब्दात आपोआप येणार नाही. 'लापशीचे नुसते फदफदे करून ठेवले होते' अशा वाक्यरचनेने तो आणावा लागतो. आमच्या विद्यार्थिनीने तो तसाच आणला होता, हे तिचे उत्तर पुन्हा वाचताना ध्यानात आले. तिने शब्दाला शब्द दिला नव्हता. कोण बोलतो आहे, त्याचे हात कोठे आहेत आणि त्याला वस्तूविषयी काय वाटते, एवढे पाहून तिने मराठी वाक्य केले होते. आम्ही मात्र कोशातला शिक्का पाहून गुण दिले होते.

कोणी आक्षेप घेईल की असे शब्द चार दिवसांचे असतात, त्यांच्यावर पदव्युत्तर वर्गाचा वेळ कशाला? काही शब्द अल्पायुषी असतात हे खरेच. 'स्लॅब'चे उदाहरण वर आलेच आहे. पण 'स्लाइम'ने हजार वर्षांहून अधिक काळ काढला आहे, आणि या काळात पुष्कळ भारदस्त शब्द नामशेष झाले. शिवाय शब्दाची मनोवृत्ती कशी पालटते हे पाहायचे तर याच शब्दांत ते उघड दिसते. १९७६ साली एका अमेरिकी कंपनीने 'स्लाइम' नावाचे खेळणे डबीत घालून विकले. आज आपल्या शहरांतली मराठी मुले तोच शब्द घेऊन दुकानात हट्ट धरतात. त्यांच्या तोंडी 'स्लाइम'मध्ये ओंगळपणाचा अंशही नाही. ते एक रंगीत, चमकी घातलेले, हवेहवेसे खेळणे आहे. उद्या या मुलांतले कोणी इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करील तेव्हा त्यातला 'स्लाइम' त्याला किळसवाणा वाटेल की गोंडस?

दुसरा आक्षेप प्रमाण भाषेचा. तो आम्हीच त्या मुलीला ऐकवला होता, म्हणून त्याला उत्तर देणेही आमच्याकडे येते. 'चिकट पदार्थ' प्रमाण आहे, निर्दोष आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात तो शोभेल. पण मोरी साफ करणाऱ्या माणसाच्या तोंडी तो घातला की माणूस खोटा होतो. औपचारिकता ही प्रसंगाची गरज असते. ती भाषेची इयत्ता नाही. कथेतल्या पात्राला बोलता यावे म्हणून जो शब्द हवा तो प्रमाण कोशात तळटीपेत असला तरी अनुवादकाने वर आणावा, आणि शिक्षकाने त्याखाली रेघ ओढण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून पाहावा.

आम्ही आता तोच उतारा नव्या वर्गाला देतो. कोशातला अर्थ लिहून झाला की प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहायला सांगतो: हे कोण म्हणतो, त्याचा हात वस्तूला लागला आहे का, आणि त्याला ती टाकायची आहे की चाटायची. 'गू'पाशी वर्ग अजूनही हसतो. हसू द्यावे. एकच ध्वनी दोन घरांत काय काय होऊ शकतो याचा तो सर्वांत स्वस्त धडा आहे. 'चिकट पदार्थ' अजूनही पुष्कळ उत्तरांत येतो. आता आम्ही तेथे रेघ ओढतो.

ती विद्यार्थिनी उत्तीर्ण होऊन गेली. तिच्या त्या पहिल्या उत्तराचे गुण वाढवून देण्याची सोय आता नाही. निदान एवढे नोंदवून ठेवतो, की 'बरबट' बरोबर होते.